ओझे उतरवण्याची कला : ऐतिहासिक विद्यापीठ ग्रंथालयाचे नूतनीकरण आणि विस्तार कसा करावा

ऐतिहासिक विद्यापीठ ग्रंथालयाच्या नूतनीकरणाची पहिली बैठक बहुधा एका रंगीत चित्राभोवती भरते. चित्रात जुन्या दगडी इमारतीला बिलगलेला काचेचा नवा भाग असतो, पायऱ्यांवर लॅपटॉप उघडून बसलेले विद्यार्थी असतात, आणि पुस्तके असलीच तर ती मागे रंगाच्या पट्ट्यांसारखी दिसतात. ते चित्र गुंडाळून ठेवावे आणि एका प्रश्नाने सुरुवात करावी : या इमारतीवर आज कोणकोणते ओझे आहे, आणि त्यातले कोणते उतरवता येईल? ओझ्यात पुस्तकांचे वजन तर आलेच, पण शंभर-दीडशे वर्षांत एकेक करून आत शिरलेली वातानुकूलन यंत्रे, भिंतींवरून धावणाऱ्या तारा, छतावरच्या पाण्याच्या टाक्या, मूळ आराखड्यात नसलेली स्वच्छतागृहे आणि पोटमाळ्यावर कोंबलेले नियतकालिकांचे जुने अंक हेही आले. विस्ताराची इमारत जागा वाढवण्यासाठी बांधायची असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माझ्या मते जुन्या इमारतीच्या अंगावरचे ओझे स्वतःकडे घेणे हे तिचे पहिले काम असते. ते नीट साधले की जागा आपोआप निघते. पुढचे सगळे मार्गदर्शन याच धोरणाने लिहिले आहे. ते इमारत समिती, ग्रंथपाल आणि वास्तुविशारद या तिघांसाठी आहे, आणि तिघांपैकी एकालाही बाजूला ठेवून घेतलेला निर्णय पुढे महागात पडतो.

आधी इमारत नीट पाहावी

पाहणीला एक पूर्ण वर्ष द्यावे. इतका वेळ कशाला, असे समितीत कोणीतरी विचारतेच. इमारत प्रत्येक ऋतूत वेगळी वागते, हे त्याचे उत्तर. पावसात ओलावणारी भिंत कोरड्या महिन्यांत निर्दोष दिसते आणि थंडीत मिटलेली भेग उन्हाळ्यात उघडते. लेझर स्कॅनिंगमुळे आता संपूर्ण इमारतीचे मोजमाप काही दिवसांत अचूक मिळते आणि ते अवश्य करून घ्यावे. मात्र स्कॅनरला पृष्ठभाग दिसतो, भिंतीच्या पोटात काय आहे ते दिसत नाही. त्यासाठी निवडक ठिकाणी गिलावा काढून आणि जमिनीच्या फळ्या उचलून पाहावे लागते. एकच फळी उचलली तरी पुष्कळ कळते. लाकडी तुळई मध्यभागी ठणठणीत दिसते, म्हणून तेवढ्यावर समाधान मानू नये. तिचे टोक जिथे भिंतीत शिरते तिथे टॉर्चचा उजेड पाडून टोच्याने हलकेच टोचून पाहावे. टोच्या बोटभर आत गेला, तर ते टोक वर्षानुवर्षे भिंतीतली ओल पीत आले आहे आणि तुळईचा सगळा भार मात्र त्याच टोकावर आहे, असे समजावे.

याच काळात कागदपत्रे शोधावीत. मूळ नकाशे, कंत्राटदारांची बिले, जुनी छायाचित्रे आणि दुरुस्त्यांचा पत्रव्यवहार बहुतेक वेळा विद्यापीठाच्याच अभिलेखागारात धूळ खात पडलेला असतो. एखाद्या जुन्या बिलातील शिशाच्या पत्र्याची नोंद वाचून छतातले अदृश्य पन्हळ सापडते, असा या कामातला आनंद आहे.

पाहणीअंती इमारतीच्या प्रत्येक खोलीचे, जिन्याचे आणि कपाटांच्या प्रत्येक रांगेचे महत्त्व ठरवून ते नकाशावर रंगांनी दाखवावे : जिथे हात लावायचा नाही असे भाग, जिथे जपून बदल करता येईल असे भाग, आणि जे काढून टाकल्याने इमारतीचे भलेच होईल असे भाग. हा नकाशा तयार करताना 'मूळचे ते सगळे पवित्र, नंतरचे ते सगळे अतिक्रमण' हा सोपा नियम लावू नये. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे जुने ग्रंथालय १७१२ ते १७३२ या काळात बांधले गेले, तेव्हा त्याच्या लांबलचक दालनाला सपाट छत होते. १८०१ पासून प्रकाशित पुस्तकांची प्रत मिळण्याचा कायदेशीर हक्क कॉलेजला मिळाला, कपाटे भरली, आणि १८६० च्या सुमारास छत वर उचलून, वरचा सज्जा पुस्तकांसाठी वापरात घेऊन आजची लाकडी कमान घातली गेली. जगभरचे लोक आज जे पाहायला जातात, तो त्या काळचा विस्तारच आहे. तेव्हा नंतरच्या थरांनाही न्याय द्यावा लागतो.

जतनाच्या तत्त्वांसाठी १९६४ ची व्हेनिस सनद आणि ऑस्ट्रेलियात १९७९ मध्ये स्वीकारलेली बुर्रा सनद हे दोन आधार पुरेसे आहेत. नवी भर जुन्याची नक्कल करणारी नसावी, ती तिच्या काळाची म्हणून ओळखू यावी, आणि तिने मूळ वास्तूचा तोल व परिसराशी असलेले नाते बिघडवू नये, असे पहिली सांगते. गरजेपुरता बदल करावा, पण शक्य तितका कमी करावा, असा दुसरीचा आग्रह आहे. दोन्ही सनदा पानभर वाचून मान डोलावण्यासारख्या आहेत. खरी कसोटी रंगवलेला नकाशा हातात घेऊन एखाद्या खोलीला लाल रंग द्यायचा की पिवळा, हे ठरवताना लागते.

मग पुस्तके मोजावीत आणि तोलावीत

पुस्तकांची संख्या ग्रंथपाल लगेच सांगू शकतात, परंतु वास्तुविशारदाला संख्येपेक्षा लांबी आणि वजन हवे असते. एक मीटर लांब फळीवर ओळीने लावलेली पुस्तके साधारण ३० ते ४० किलो भरतात आणि बांधीव नियतकालिके त्याहून जड असतात. आता ९० सेंटिमीटर रुंदीचा, दोन्ही बाजूंनी सात-सात फळ्या असलेला एक साधा रॅक घ्या. त्यात १२.६ मीटर लांबीची पुस्तके मावतात, म्हणजे मीटरमागे ३५ किलो धरले तरी सुमारे ४४० किलो. असे रॅक पाठोपाठ उभे केले की जमिनीवर काय भार येतो, ते मानकांतील आकड्यांवरून कळते. अमेरिकी मानकात वाचनकक्षासाठी प्रति चौरस मीटर सुमारे २९० किलो भार गृहीत धरतात, तर पुस्तकांच्या कोठीसाठी सुमारे ७३० किलो. रुळांवर सरकणारे रॅक बसवायचे झाले, तर भार साध्या रॅकच्या दीडपट ते दुप्पट होतो. जुन्या वाचनकक्षाची जमीन तेवढ्यासाठी घडवलेलीच नसते, आणि तरीही जागा कमी पडली की रॅक नेमके तिथेच उभे राहतात.

इथे एक सापळा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी बांधलेल्या अनेक मोठ्या ग्रंथालयांत बिडाचे व पोलादाचे रॅक जमिनीवर ठेवलेले नसून तेच जमीन तोलून धरतात. एका मजल्याचे रॅक पुढच्या मजल्याचे खांब असतात. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात मुख्य वाचनकक्षाखाली असे सात मजले आहेत आणि कक्षाचा भार त्यांच्यावरच आहे. ते काढून तिथे वाचकांसाठी जागा करण्याची योजना २०१४ मध्ये सोडून द्यावी लागली. विरोधाची कारणे अनेक होती, पण वरचा कक्ष अधांतरी तोलून खालचे मजले काढणे हे किती खर्चिक आणि जोखमीचे असते, याची कल्पना त्यावरून यावी. म्हणून रॅक 'काढता येण्याजोगे' असे नकाशावर लिहिण्यापूर्वी संरचना अभियंत्याला त्यांचे बूड आणि माथा दोन्ही दाखवावेत.

मोजदाद झाली की पुस्तकांचे तीन वाटे करावेत. रोज हाताळली जाणारी पुस्तके वाचकांच्या जवळ, उघड्या कपाटांत राहतील. दुर्मीळ ग्रंथ, हस्तलिखिते आणि नकाशे यांना नियंत्रित हवामानाची स्वतंत्र कोठी लागेल. वर्षानुवर्षे कोणी न मागितलेला, तरीही टाकून देता न येणारा साठा आवाराबाहेर जाऊ शकतो. हा तिसरा वाटा ठरवताना प्राध्यापकांचा विरोध होतोच, आणि तो सगळाच अनाठायी नसतो. म्हणून बाहेरचे पुस्तक किती वेळात टेबलावर येईल याचे लेखी आश्वासन आधी द्यावे आणि यादी नंतर मागावी. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाने २०१० मध्ये स्विंडन येथे मोठे भांडार सुरू केले, साठा तिकडे हलवला आणि मगच १९३० च्या दशकातल्या आपल्या 'न्यू बोडलियन' इमारतीला हात घातला. त्या इमारतीच्या मधोमध पुस्तकांची अकरा मजली कोठी होती. ती रिकामी झाली म्हणूनच तिच्या जागी लोकांना मोकळेपणाने येता येईल असा प्रवेशकक्ष करता आला, आणि २०१५ मध्ये ती इमारत वेस्टन ग्रंथालय या नावाने पुन्हा खुली झाली. (तिच्या पहिल्या उद्घाटनाचा किस्सा प्रसिद्ध आहे : १९४६ मध्ये राजे सहावे जॉर्ज दार उघडायला गेले आणि चांदीची किल्ली कुलपातच मोडली.)

नव्या कोठीची लांबी काढताना फळी ८५ टक्के भरली की भरली, असे धरावे. त्यापुढे एक नवे पुस्तक घालण्यासाठी कर्मचाऱ्याला दहा पुस्तके सरकवावी लागतात.

विस्तार कोठे बसवावा

विस्ताराला चारच जागा असतात : मागे, अंगणात, जमिनीखाली किंवा दूर. दर्शनी बाजूला जागा मोकळी दिसली तरी तिच्याकडे पाहू नये. मागच्या बाजूचा विस्तार सर्वांत सोपा असतो, मात्र त्याची उंची जुन्या छताच्या वळचणीपेक्षा खाली राहील हे पाहावे. नाही तर नाकापेक्षा मोती जड होतो. अंगणावर काचेचे छत घालण्याचा मोह फार होतो, आणि चित्रात ते देखणेही दिसते. परंतु ज्या खिडक्या आजवर अंगणातून वारा घेत होत्या त्या काचेच्या पेटीत बंद होतात, उन्हाळ्यात उष्णता साठते आणि आग लागल्यास धूर बाहेर कसा काढायचा याची स्वतंत्र व्यवस्था करावी लागते. हा खर्च पहिल्या अंदाजपत्रकात क्वचितच असतो.

जमिनीखालच्या विस्ताराने परिसर अबाधित राहतो. इलिनॉय विद्यापीठाचे पदवीपूर्व विद्यार्थ्यांचे ग्रंथालय १९६९ मध्ये जमिनीखाली बांधले गेले, कारण शेजारी १८७६ पासून चालत आलेली संशोधनाची शेते होती आणि पिकांवर इमारतीची सावली पडून चालणार नव्हते. शिकागो विद्यापीठाने २०११ मध्ये उघडलेल्या मॅन्सुएटो ग्रंथालयात वर काचेच्या घुमटाखाली वाचक बसतात आणि सुमारे १५ मीटर खोलीपर्यंतच्या कोठीतून यांत्रिक क्रेन पुस्तकांच्या पेट्या वर आणतात. तिथली क्षमता ३५ लाख ग्रंथांची आहे. मला स्वतःला अधिक शिकवणारे वाटते ते ऑक्सफर्डचेच एक जुने तळघर. रॅडक्लिफ कॅमेरा ही ग्रंथालयाची घुमटाकार इमारत आणि जुने बोडलियन यांच्यामधल्या जमिनीखाली १९०९ ते १९१२ या काळात पुस्तकांची कोठी बांधली गेली. शंभर वर्षांनी, २०११ मध्ये, तिचेच वाचनालय झाले आणि दोन ऐतिहासिक इमारती एकही दगड न हलवता आतून जोडल्या गेल्या. ओझे कोठे ठेवायचे आणि माणसे कोठे, याचा निर्णय पिढीगणिक उलटू शकतो. म्हणून नवा भाग बांधताना त्याचा उपयोग पुढे बदलेल असे धरूनच उंची, खिडक्या आणि भार यांचा हिशोब ठेवावा.

जमिनीखाली जाण्याआधी भूजलाची पातळी वर्षभर मोजावी. तळघराला दोन भिंती, मध्ये निचऱ्याची पोकळी, दोन स्वतंत्र पंप आणि त्यांना वेगळा वीजपुरवठा, एवढे परवडत नसेल तर तळघर बांधूच नये.

सांधा

जुने आणि नवे जिथे भेटते, तिथे निम्म्याहून अधिक भांडणे आणि बहुतेक गळत्या होतात. नवी इमारत पहिली काही वर्षे खचत असते, जुनी कधीचीच खचून स्थिर झालेली असते. दोघींना घट्ट बांधले तर भेग जुनीलाच पडते. त्यामुळे दोन्हींमध्ये हालचालीला वाव देणारा सांधा ठेवावा, आणि शक्य तर तो काचेच्या अरुंद मार्गिकेचा असावा, म्हणजे जुन्या भिंतीचा बाहेरचा दगड आत आल्यावरही भिंत म्हणूनच दिसतो. पायाच्या खोदाईसाठी ठोकून घालायचे खांब टाळून छिद्र पाडून ओतायचे खांब वापरावेत. जुन्या भिंतींवरील प्रत्येक भेगेवर मोजपट्ट्या चिकटवून कामाच्या आधीपासून नोंदी ठेवाव्यात, म्हणजे पुढे वाद झाल्यास आकडे बोलतात.

मजल्यांच्या उंचीचा मेळ हा दुसरा प्रश्न. पुस्तकांच्या जुन्या कोठीत मजला जेमतेम सव्वादोन मीटर उंच असतो, शेजारचा वाचनकक्ष सात-आठ मीटर, आणि नव्या इमारतीला तर नव्या यंत्रणांसाठी चार मीटर हवेत. हे तिन्ही जुळवण्याचे काम लिफ्टवर सोपवावे : दोन्ही बाजूंनी दारे उघडणारी लिफ्ट सांध्यातच बसवली, की ती अर्ध्या मजल्यांवरही थांबू शकते आणि जुन्या जिन्याला धक्का लागत नाही. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या वाचकाला मागच्या दाराने पाठवणारा आराखडा, तो कितीही सुबक असला तरी, परत पाठवावा. मुख्य दार सर्वांचे एकच असावे, आणि पायऱ्यांशेजारी १:१२ पेक्षा अधिक चढ नसलेला उतार बसत नसेल, तर दर्शनी फरसबंदीची पातळी हळूहळू उचलून तो साधता येतो का, हे आधी तपासावे.

पाणी

ग्रंथालयाचा सर्वांत जुना शत्रू कोणता, असे विचारल्यास लोक आग किंवा कसर म्हणतात. रोजचा शत्रू पाणी असतो. ओल दिसली की आतून रंग देणे हा सर्वत्र चालणारा उपाय आहे, आणि तो आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी या थाटाचा असतो. पाणी जिथे दिसते तिथून ते आलेले नसते. जोराचा पाऊस पडत असताना वास्तुविशारदाने स्वतः छत्री घेऊन इमारतीभोवती फेरी मारावी, मग छताखालच्या पोकळीत जाऊन बसावे. तिथे ऐकू येते. कौलांवरचा एकसारखा आवाज वेगळा आणि कुठेतरी लाकडावर थांबून थांबून पडणारा थेंब वेगळा. त्या थेंबापासून वर सरकत गेले की बहुधा तुंबलेले आतले पन्हळ, सरकलेला शिशाचा पत्रा किंवा नळाचा फुटलेला कोपरा सापडतो. पन्हळे रुंद करणे, आतील बाजूने जाणारे पावसाचे नळ बाहेर काढणे आणि प्रत्येक पन्हळापर्यंत माणूस सुरक्षित पोहोचेल अशी वाट करून देणे, या तीन कामांवर केलेला खर्च कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही आणि सर्वांत जास्त फळ देतो.

भिंती चुन्यात बांधलेल्या असतील तर दरजा (दगडांमधले सांधे) आणि गिलावाही चुन्याचाच करावा. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडते. सिमेंट ती आत कोंडते, मग ओल दगडातून वाट काढते, सुकताना क्षार मागे ठेवते, आणि काही वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. सिमेंटच्या जुन्या दरजा काढताना यंत्राने घाई करू नये. सिमेंटबरोबर दगडाच्या कडाही जातात.

पुस्तकांच्या कोठीवर, शेजारी किंवा छतात एकही पाण्याचा नळ नसावा. स्वच्छतागृहे, वातानुकूलनाची यंत्रे आणि टाक्या नव्या इमारतीत हलवाव्यात. कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या मॉर्गन ग्रंथालयाचे नूतनीकरण व विस्तार चालू असतानाच २८ जुलै १९९७ च्या रात्री पुराचे पाणी तळघरात घुसले आणि तिथे ठेवलेले चार लाखांहून अधिक खंड भिजले. भिजलेल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरू लागते, म्हणून अशी पुस्तके गोठवून ठेवून नंतर निर्वात यंत्रात सुकवतात. गोठवणगृह कोणाचे, ट्रक कोणाचा, क्रेट कोठे ठेवलेले आहेत आणि रात्री दोन वाजता फोन कोणी उचलायचा, हे काम सुरू होण्याआधी एका कागदावर लिहून दारामागे लावावे.

आग

जुन्या कोठ्यांत मजल्यांच्या मध्ये हवा खेळावी म्हणून फटी ठेवलेल्या असतात. वारा खेळवणारी तीच फट आगीला चिमणीचे काम देते. नूतनीकरणात या फटी बंद कराव्यात, कोठीचे आगरोधक कप्पे पाडावेत, आणि भिंतींतून जाणारे जुने झरोके व हवेचे मार्ग एकेक शोधून मजल्यागणिक बुजवावेत. ग्लासगो कला विद्यालयाच्या मॅकिंटॉश इमारतीत २३ मे २०१४ रोजी तळघरात प्रोजेक्टरजवळ वापरलेल्या फोममधील वायू पेटला आणि आग अशाच उभ्या मार्गांतून वर चढली. विख्यात ग्रंथालय जळून गेले. पाण्याच्या तुषारांची आग विझवणारी यंत्रणा तेव्हा बसवली जात होती, पण ती सुरू झालेली नव्हती. पुनर्बांधणी चालू असताना, १५ जून २०१८ रोजी, त्याच इमारतीला पुन्हा आग लागली आणि दुसऱ्या वेळी जवळजवळ सगळेच गेले.

यातून घ्यायचा धडा वेळापत्रकाचा आहे. आगीचा धोका काम चालू असताना सर्वाधिक असतो आणि संरक्षण मात्र काम संपल्यावर सुरू होते. हा क्रम उलटा करावा : धुराची चाहूल घेणारी यंत्रणा आणि आग विझवण्याची किमान तात्पुरती व्यवस्था पहिल्या तीन महिन्यांत चालू झाली पाहिजे, अशी अट निविदेतच घालावी. वेल्डिंग, डांबर तापवणे, ज्योतीने रंग काढणे यांना शक्य तिथे बंदी असावी. अपरिहार्य असल्यास रोजचा लेखी परवाना आणि काम थांबल्यावर किमान तासभर पहारा.

स्प्रिंकलरला, म्हणजे आग लागताच छतातून आपोआप पाणी फवारणाऱ्या तोट्यांना, ग्रंथपालांचा विरोध असतो, कारण एक तोटी फुटली की सगळ्या फुटतात, असे दृश्य सर्वांनी पडद्यावर पाहिलेले असते. प्रत्यक्षात नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक तोटी स्वतःच्या जागच्या उष्णतेनेच उघडते, आणि तिचे पाणी अग्निशमन दलाच्या नळीपेक्षा कितीतरी कमी असते. ओले पुस्तक सुकवता येते. राखेचे काही करता येत नाही. केपटाउन विद्यापीठाचा जॅगर वाचनकक्ष १८ एप्रिल २०२१ रोजी डोंगरावरच्या वणव्यात जळाला, पण आगीची चाहूल लागताच लोखंडी पडदे आपोआप खाली आल्यामुळे तळघरातला साठा ज्वाळांपासून वाचला. विझवण्याचे पाणी मात्र तिथे साठले होते, आणि तो साठा नंतर स्वयंसेवकांनी हातोहात क्रेट देत बाहेर काढला.

हवा, उजेड आणि शांतता

जुन्या जाड भिंती स्वतःच हवामान सांभाळतात. पोर्तुगालमधील कोइंब्रा विद्यापीठाचे अठराव्या शतकातील जोआनिना ग्रंथालय दोन मीटरहून अधिक जाडीच्या भिंतींच्या जोरावर आतले तापमान स्थिर ठेवते, आणि कसर खाणाऱ्या वटवाघळांची वस्तीही तिथे आहे. त्यांच्या विष्ठेपासून जपण्यासाठी रात्री टेबलांवर चामड्याची आच्छादने घालतात. वटवाघळे आणावीत असे सुचवण्याचा हेतू नाही. जुन्या वाचनकक्षाला कडक वातानुकूलनाने जखडण्याआधी त्याची स्वतःची ताकद वर्षभर मोजून पाहावी, एवढेच. माणसाला सोसतील इतके चढउतार त्या कक्षाला चालतील. काटेकोर हवामान लागणारी दुर्मीळ पुस्तके नव्या कोठीत जावीत. कोठीत थंडावा आणि मुख्यतः स्थिरता हवी, आणि आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी येणार, हे लक्षात ठेवावे. भिंतींना आतून उष्णतारोधक थर लावणे टाळावे, कारण थर आणि दगड यांच्यामध्ये पाणी जमते. जुन्या खिडक्या काढण्यापेक्षा त्यांच्या आत दुसरी काच बसवावी; तीच अतिनील किरणे अडवू शकते.

टेबलांवर ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड पुरतो, आणि छतावरून सगळीकडे तो पाडण्यापेक्षा टेबलावरच्या दिव्यांनी दिला तर कक्षाचा जुना सौम्यपणा राहतो. प्रदर्शनातल्या हस्तलिखितांवर मात्र ५० लक्सच्या वर जाऊ नये. तारांसाठी भिंतीत खाचा पाडण्याऐवजी बंद पडलेल्या चिमण्या, जमिनीखालची पोकळी आणि टेबलांचे पाय वापरावेत.

आवाजाचा मुद्दा आराखड्यात कोणी काढत नाही. पुस्तकांच्या कमी-जास्त खोलीच्या पाठी आवाज विखुरतात आणि शोषतात. कपाटे रिकामी केली की तोच कक्ष खणखणू लागतो, खुर्ची सरकवल्याचा आवाज टोकापर्यंत जातो. ओझे उतरवायचे म्हणून भिंतींवरची सगळी पुस्तके हलवू नयेत, याचे हेही एक कारण आहे. भिंतीलगतच्या कपाटांचा भार भिंतींवर जातो, जमिनीच्या मध्यावर नाही, त्यामुळे ती राहू द्यावीत.

स्थलांतर आणि परतणे

पुस्तके हलवणे हे एक स्वतंत्र काम समजावे आणि त्याला स्वतंत्र प्रमुख नेमावा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या सध्याच्या नूतनीकरणासाठी तिथल्या त्या लांब दालनातली सुमारे २ लाख पुस्तके बाहेर काढताना प्रत्येक पुस्तक साफ केले गेले, मोजले गेले आणि त्याला इलेक्ट्रॉनिक टॅग दिला गेला. पुस्तक एकदाच हातात येणार असते, तेव्हा सफाई, नोंद, स्थितीची तपासणी आणि डिजिटल प्रतीसाठी निवड ही सगळी कामे त्याच वेळी उरकावीत. कीड असल्याची शंका असलेली पुस्तके पिशवीत बंद करून उणे ३० अंशांवर तीन दिवस ठेवल्याशिवाय नव्या कोठीत येऊ देऊ नयेत. एकोणिसाव्या शतकातील भडक हिरव्या कापडी बांधणीत आर्सेनिक हे विष असू शकते, म्हणून ती हातमोजे घालूनच हाताळावीत. क्रेटवर कपाटाचा, फळीचा आणि क्रमाचा आकडा लिहावा. 'इतिहास, उरलेली' अशी चिठ्ठी लावलेला क्रेट पुढे कोणालाही सापडत नाही.

विद्यापीठ चालू असते, परीक्षा थांबत नाहीत, म्हणून नवा भाग आधी पूर्ण करावा, वाचक तिथे न्यावेत आणि मगच जुनी इमारत रिकामी करावी. टप्पे पाडल्याने खर्च थोडा वाढतो, मात्र वाचक तुटत नाहीत.

काम संपल्यावर लगेच पुस्तके परत आणण्याची घाई होते, उद्घाटनाची तारीख ठरलेली असते. ओला गिलावा, नवे लाकूड आणि ताजा रंग यांतून महिनोन्महिने ओल व वाफा बाहेर पडत राहतात. कोठी रिकामी ठेवून यंत्रणा किमान एक दमट आणि एक कोरडा ऋतू चालवावी, प्रत्येक कप्प्यात नोंदयंत्र ठेवावे, वीज मुद्दाम बंद करून तापमान किती तासांत चढते ते पाहावे. उद्घाटन करायचेच असेल तर वाचनकक्षाचे करावे. आकडे सलग स्थिर दिसले की पहिल्यांदा जुनी नियतकालिके आणावीत, त्यांचे महिनाभर निरीक्षण करावे, आणि दुर्मीळ हस्तलिखिते सर्वांत शेवटी. कंत्राटदाराचे शेवटचे बिल मंजूर करण्याआधी पुढच्या मोठ्या पावसाची वाट पाहावी आणि छताखालच्या पोकळीत त्याला सोबत घेऊन बसावे.